पोट साफ व्हायचं औषध मागण्याआधी

"काल रात्री जुलाबाची गोळी घेतली, सकाळी सगळं साफ झालं. पण आज पुन्हा काहीच नाही. अजून एक स्ट्रिप द्या." मेडिकलच्या काउंटरवर बद्धकोष्ठतेबद्दल जे ऐकायला मिळतं, त्यातलं निम्मं या एका मागणीत येतं. मागणाऱ्याला वाटतं, दुखणं बळावलं. खरं तर आज शौचाला न होणं हा कालच्या गोळीचाच परिणाम असतो. एवढी एक गोष्ट नीट कळली, तर कित्येकांचं वर्षानुवर्षांचं गोळ्यांचं चक्र थांबेल, असं मला फार्मासिस्ट म्हणून मनापासून वाटतं.

आधी पोटात काय चालतं ते बघू. मोठं आतडं साधारण दीड मीटर लांबीचं असतं. लहान आतड्याकडून त्यात रोज सुमारे दीड लीटर पातळ द्रव येतो. त्यातलं बहुतेक पाणी मोठं आतडं शोषून घेतं आणि मलाबरोबर जेमतेम १०० ते २०० मिलिलीटर पाणी बाहेर पडतं. मल पुढे सरकायला जितका उशीर, तितकं जास्त पाणी शोषलं जातं आणि तितका तो कडक होतो. बद्धकोष्ठतेचं मूळ बहुतेक वेळा या एका वाक्यात सापडतं. उशीर का झाला, ते मात्र माणसागणिक वेगळं असतं.

आता त्या गोळीकडे. रोजच्या शौचाला आतड्याचा फक्त शेवटचा भाग रिकामा होतो. मागचा मल पुढे येऊन उद्याची तयारी करत असतो. जोरदार जुलाब झाला की हा मागचा साठाही निघून जातो. रात्री उपसून कोरडी केलेली टाकी सकाळी भरलेली नसते, तसंच हे. आतडं पुन्हा भरायला दोन-तीन दिवस जातात. त्या दिवसांत शौचाला झालं नाही तर ते अगदी स्वाभाविक आहे. पण माणूस घाबरतो, दुसरी गोळी घेतो, भरत आलेलं पुन्हा रिकामं होतं. काही महिन्यांनी तोच माणूस सांगतो की गोळीशिवाय मला होतच नाही. जुलाबानंतर दोन दिवस नुसतं थांबून बघा, हा सल्ला ऐकायला फार साधा वाटतो, पण या लेखातला सगळ्यात कामाचा सल्ला मी हाच मानतो.

बद्धकोष्ठता म्हणायचं कशाला?

रोज सकाळी झालंच पाहिजे, नाहीतर विष अंगात भिनतं, ही समजूत आपल्याकडे घट्ट बसलेली आहे. दिवसातून तीन वेळा ते आठवड्यातून तीन वेळा, या सगळ्या पट्ट्यातली माणसं निरोगी असू शकतात. एक दिवसाआड होतं, पण मऊ होतं, कुंथावं लागत नाही आणि नंतर हलकं वाटतं, अशा माणसाला औषधाची गरज नाही. उलट एखादा रोज जातो, पण अर्धा तास कुंथतो, खडे पडतात आणि उठल्यावरही काहीतरी राहिल्यासारखं वाटतं. त्याला बद्धकोष्ठता आहे. किती वेळा झालं यापेक्षा कसं झालं, हे विचारायचं असतं.

इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या डॉक्टरांनी १९९७ मध्ये मलाच्या सात प्रकारांचा एक सोपा तक्ता मांडला. पहिला प्रकार म्हणजे लेंड्यांसारखे सुटे कडक खडे. दुसरा म्हणजे गाठीगाठींचा जाड लांबट मल. हे दोन प्रकार बद्धकोष्ठतेचे. तिसरा आणि चौथा चांगले, त्यापुढे पातळ होत जातात. दुकानात चार माणसांसमोर हा विषय बोलायला लोक संकोचतात, विशेषतः बायका. त्यांनी "खडा होतो" किंवा "मऊ आहे पण जोर लावावा लागतो" एवढं हळूच सांगितलं तरी औषध निवडायला मोठी मदत होते. कारण मऊ मलालाही जोर लावावा लागत असेल, तर गडबड मलात नसून बाहेर टाकणाऱ्या स्नायूंत असू शकते. काही जणांचे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू कुंथताना सैल व्हायच्या ऐवजी आवळले जातात. तिथे जुलाबाच्या औषधांनी फारसं काही साधत नाही. त्याची तपासणी वेगळी असते आणि स्नायूंना वळण लावायचे उपचार असतात.

आधी तुमच्या बाकीच्या गोळ्या दाखवा

पोट साफ व्हायचं औषध मागणाऱ्याला माझा पहिला प्रश्न असतो, "आणखी कुठल्या गोळ्या चालू आहेत?" लोकांना तो भलताच वाटतो. पण बद्धकोष्ठतेचं कारण घरातल्या औषधांच्या डब्यातच असणं अजिबात दुर्मीळ नाही.

लोहाच्या गोळ्या त्यातल्या सगळ्यात ओळखीच्या. गरोदरपणात त्या जवळपास प्रत्येकीला असतात, त्यात गरोदरपणातल्या संप्रेरकांनी आतड्याची हालचाल आधीच मंदावलेली असते. या गोळ्यांनी मल काळपट होतो, त्याला घाबरायचं नाही. पण खडा होतो म्हणून गोळी गुपचूप बंद करू नका. प्रकार बदलणं, एक दिवसाआड घेणं, असे पर्याय डॉक्टरांकडे असतात. कॅल्शियम कार्बोनेटच्या गोळ्या, ॲल्युमिनियम असलेली आम्लपित्ताची पातळ औषधं आणि सुक्राल्फेट यांनीही कोठा जड होतो. रक्तदाबाच्या औषधांत व्हेरापामिल यासाठी विशेष ओळखलं जातं. लघवी जास्त होण्याच्या गोळ्यांनी अंगातलं पाणी आणि पोटॅशियम कमी झालं, तरी आतडं सुस्तावतं. सर्दीच्या गोळ्यांतलं क्लोरफेनिरामिन, पोटात मुरडा येतो म्हणून घेतलेलं डायसायक्लोमिन, झोपेसाठी किंवा नसांच्या दुखण्यासाठी दिलेलं अमिट्रिप्टिलिन, कंपवाताचं ट्रायहेक्सिफेनिडिल, ही सगळी आतड्याची हालचाल मंद करतात. सत्तरीतल्या माणसाला यातली दोन-तीन एकदम चालू असली, की घरच्यांना वाटतं वयामुळे होतंय. अलीकडे वजन आणि साखरेसाठी आठवड्यातून एकदा घ्यायची सेमाग्लुटाइड किंवा टिर्झेपाटाइडची इंजेक्शनं आली आहेत. त्यांनी जेवण कमी होतं, आतडी हळू चालतात आणि बद्धकोष्ठता हा नेहमीचा त्रास होतो.

ट्रामाडॉल, कोडीन, मॉर्फिन या वेदनाशामकांचं वेगळं सांगायला हवं. त्यांनी येणारी गुंगी, मळमळ काही दिवसांनी कमी होते. बद्धकोष्ठता मात्र औषध चालू असेपर्यंत राहते. म्हणून कॅन्सरच्या दुखण्यासाठी मॉर्फिन सुरू होतं तेव्हा पोट साफ ठेवायचं औषधही पहिल्या दिवसापासून असायला हवं. चिठ्ठीत ते नसेल तर डॉक्टरांना आठवण करून द्यायला संकोच करू नका. अशा रुग्णाला घरच्यांनी प्रेमापोटी इसबगोल देऊ नये. आतडं पुढे ढकलतच नसताना आत लगदा वाढवला, तर तो अडकून बसतो.

एक खबरदारी मात्र प्रत्येकाने घ्यायची. हा परिच्छेद वाचून कुठलीही गोळी स्वतःच्या मनाने थांबवू नका. यादी करा आणि डॉक्टरांना दाखवा.

इसबगोल: घरोघरी असतो, पण नीट घेतला जात नाही

इसबगोल म्हणजे एका छोट्या झुडपाच्या बियांवरचा भुसा. गुजरातेत मेहसाण्याच्या पट्ट्यात, उंझा-सिद्धपूरच्या बाजारात त्याची मोठी उलाढाल चालते आणि तिथून तो जगभर जातो. तो पचत नाही, पाणी धरून फुगतो, मलाला मऊपणा आणि आकार देतो. म्हणून तो रोज, महिनोन् महिने घेता येतो. पण तो आज घेतला आणि उद्या सकाळी काम झालं, असं नेहमी होत नाही. परिणाम दिसायला १२ तासांपासून ७२ तासांपर्यंत वेळ लागतो. दोन दिवसांत "काही उपयोग नाही" म्हणून डबा बाजूला ठेवणारे पुष्कळ आहेत.

घ्यायची पद्धत बघा. एक चहाचा चमचा भुसा मोठ्या पेलाभर पाण्यात टाकायचा, ढवळायचा आणि लगेच प्यायचा. भिजत ठेवला तर खीर होते आणि घशाखाली उतरत नाही. त्यावर आणखी पेलाभर पाणी. कोरडा भुसा तोंडात टाकून वर दोन घोट पाणी पिण्याची सवय सोडा, कारण तो अन्ननलिकेतच फुगून अडकू शकतो. गिळायला त्रास होणाऱ्या माणसाला तो देऊच नये. आपल्याकडे रात्री अंथरुणावर बसून तो घ्यायचा आणि लगेच आडवं व्हायचं, अशी रीत आहे. त्याऐवजी संध्याकाळी किंवा रात्रीच्या जेवणाच्या आसपास घ्या. सुरुवात एका चमच्याने करा आणि आठवडा-दोन आठवड्यांत हळूहळू वाढवा, नाहीतर पोट फुगतं. बाकीच्या गोळ्या आणि इसबगोल यांत निदान दोन तासांचं अंतर ठेवा. थायरॉइडची गोळी सकाळी रिकाम्या पोटी असते, त्यामुळे इसबगोल संध्याकाळी घेणंच सोयीचं.

"मग तोच इसबगोल जुलाबात दह्यातून का देतात?" असं बरेच जण विचारतात. प्रश्न रास्त आहे. तो पाणी धरून ठेवतो. मल कडक असेल तर ते पाणी त्याला मऊ करतं, आणि मल पाण्यासारखा असेल तर तेच मोकळं पाणी भुशात बांधलं जातं. दोन्हीकडे काम एकच.

पाणी ओढणारी औषधं

लॅक्ट्युलोजचं गोड सिरप आणि पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर ही दोन्ही औषधं आतड्यात पाणी धरून ठेवतात आणि मल मऊ करतात. दोन्हींना एक ते तीन दिवस लागू शकतात. लॅक्ट्युलोजने सुरुवातीला गॅस होतो, कारण आतड्यातले जिवाणू ते आंबवतात. पावडरीने तो त्रास कमी होतो आणि जुन्या बद्धकोष्ठतेत ती जास्त चांगलं काम करते, असं एकंदर अनुभव आणि अभ्यास सांगतात. ती पाण्यात पूर्ण विरघळवून प्यायची. मधुमेही मंडळी लॅक्ट्युलोजच्या गोडीला घाबरतात. ते रक्तात फारसं शोषलं जात नाही, नेहमीच्या मात्रेत सहसा चालतं. मात्र जास्त मात्रा असेल तर डॉक्टरांना विचारून घ्या. जुन्या त्रासाला, वयस्कर माणसाला, गरोदर बाईला आधी या गटाकडे किंवा इसबगोलकडे बघायचं, हे माझं स्पष्ट मत आहे.

मिल्क ऑफ मॅग्नेशिया याच जातीचं, पण त्यात मॅग्नेशियम असतं. मूत्रपिंड नीट काम करत नसेल तर ते अंगात साठतं आणि धोकादायक ठरतं. मूत्रपिंडाच्या रक्ततपासणीत क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर काउंटरवर आधी ते सांगा. बाजारात मिळणाऱ्या अनेक पांढऱ्या किंवा गुलाबी दाट औषधांत त्याच्या जोडीला लिक्विड पॅराफिन असतं, काहींत सोडियम पिकोसल्फेटही. लिक्विड पॅराफिन हे खनिज तेल आहे. झोपून असलेल्या, ठसका लागणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला ते रात्री पाजलं आणि थोडंसं श्वासनलिकेत गेलं, तर फुप्फुसाला सूज येऊ शकते. फार दिवस घेतलं तर अ, ड, ई आणि के जीवनसत्त्वांच्या शोषणात अडथळा येतो. तरी ही बाटली कित्येक घरांत महिन्याच्या किराणासारखी येते, याची मला खरोखर काळजी वाटते.

आतड्याला ढोसणारी औषधं

बिसाकोडिलची गोळी, सोडियम पिकोसल्फेट आणि सोनामुखी ही आतड्याच्या भिंतीला चेतवतात. रात्री घेतलं की ६ ते १२ तासांत परिणाम. प्रवासातून आल्यावर, ऑपरेशननंतर, चार दिवस काहीच झालं नाही, अशा वेळी ही औषधं उत्तम. रोजच्या सवयीसाठी ती पहिली निवड नव्हेत.

बिसाकोडिलच्या गोळीवर एक लेप असतो, तो पोटात न विरघळता आतड्यात विरघळावा यासाठी. दूध किंवा ॲसिडिटीचं औषध बरोबर घेतलं, की तो लेप पोटातच सुटतो, आणि मग जोराचा मुरडा आणि मळमळ होते. आपल्या घरांत मात्र पोट साफ व्हायचं म्हटलं की गोळी कोमट दुधाबरोबरच घेतली जाते! तिच्या आधी-नंतर निदान तासभर दूध नको. गोळी पाण्याबरोबर, अख्खी, न चावता, न कुटता घ्यायची.

सोनामुखीचं प्रकरण याहून नाजूक आहे. "मी गोळ्या घेत नाही, फक्त आयुर्वेदिक चूर्ण घेतो," असं सांगणाऱ्यांच्या डबीवरचा मजकूर वाचला तर बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन घटकांत सोनामुखी सापडते. काही हर्बल चहांतही ती असते. ती प्रभावी आहे, आधुनिक औषधशास्त्रातही तिच्या गोळ्या वापरल्या जातात. पण वनस्पतीचं आहे म्हणून ते सौम्य आणि कायम घेण्याजोगं, असं होत नाही. आतड्याला त्या चूर्णात आणि गोळीत फरक दिसत नाही. वर्षानुवर्षं घेणाऱ्यांच्या आतड्याच्या आतल्या पडद्यावर काळपट डाग येतात. दुर्बिणीच्या तपासणीत ते दिसतात, औषध थांबवलं की काही महिन्यांत फिके होतात. "आतडी कायमची निकामी होतात" असं जे सांगितलं जातं, त्याला नेहमीच्या मात्रेपुरता भक्कम पुरावा नाही, म्हणून उगाच घाबरवायला नको. खरा धोका मात्रा वाढवत नेण्यात आहे. सतत जुलाब झाले की पोटॅशियम कमी होतं. पायात गोळे येतात, अशक्तपणा येतो, आणि हृदयाच्या किंवा लघवीच्या गोळ्या चालू असतील तर ठोके अनियमित होऊ शकतात.

एरंडेल आता मागे पडलंय, पण आजीच्या हुकमावरून ते अजून घराघरांत येतं. एरंडेल प्यायल्यासारखं तोंड होणं हा अनुभव आपल्या पिढीने घेतलेला आहे. ते दोन ते सहा तासांत जोरात काम करतं, मुरडा देतं. गरोदरपणात अजिबात नको, गर्भाशय आकुंचन पावू शकतं. दर महिन्याला "पोट धुवायला" म्हणून मुलांना द्यायचीही गरज नाही. निरोगी आतड्यात धुवून काढण्यासारखं काही साठलेलं नसतं.

खडा अगदी दारात येऊन अडकला असेल, तर तोंडावाटे घेतलेल्या औषधाला तिथवर पोचायला वेळ लागतो आणि मुरडा मात्र सुरू होतो. अशा वेळी गुदद्वारात ठेवायची ग्लिसरीनची कांडी अर्ध्या तासाच्या आत काम करते. बिसाकोडिलची कांडी साधारण तासाभरात. फॉस्फेटचा एनिमा वयस्कर आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांना डॉक्टरांशिवाय देऊ नये.

जुलाब लागलेत, पण खरं तर बद्धकोष्ठता आहे

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची काळजी घेणाऱ्यांनी हे नक्की लक्षात ठेवा. मुलगा किंवा सून येते आणि म्हणते, "आईंना दोन दिवस सारखं पातळ गळतंय, जुलाब थांबायची गोळी द्या." विचारलं की कळतं, त्याआधी आठ-दहा दिवस धड झालंच नव्हतं. आत मोठा खडा अडकलेला असतो आणि त्याच्या बाजूने फक्त पातळ मल झिरपत असतो. इथे लोपेरामाइड, म्हणजे जुलाब थांबवायची गोळी दिली तर आगीत तेल. अशा माणसाला डॉक्टरांनी किंवा नर्सने तपासून खडा काढावा लागतो. लहान मुलांतही हेच दिसतं. पाच-सहा वर्षांचं मूल चड्डी खराब करतं आणि घरचे रागावतात, पण ते मूल मुद्दाम काहीच करत नसतं. एकदा कडक खडा होऊन दुखलेलं असतं, किंवा शाळेच्या संडासात जायची किळस वाटत असते, म्हणून ते दाबून ठेवतं. आत साठतं, गुदाशय ताणला जातो, आणि मग मुलाला संवेदनाच कळत नाही. उपाय म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याने पाणी धरणारं औषध, तेही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी मोजायचं. चार दिवसांत बंद केलं की पुन्हा पहिले पाढे. दिवसाला अर्ध्या लीटरपेक्षा जास्त दूध पिणाऱ्या मुलाचं दूध कमी करा, म्हणजे त्याला जेवायला भूक लागेल.

तान्ह्या बाळाला साबणाची कांडी किंवा तेल लावलेला विड्याच्या पानाचा देठ लावण्याची पद्धत अजून आहे. साबणाने आतली नाजूक त्वचा जळजळते, ते करू नका. फक्त आईच्या दुधावरचं, महिना-दीड महिना उलटलेलं बाळ पाच-सात दिवस शी न करता मजेत असेल, नंतर मऊ करत असेल, तर ती बद्धकोष्ठता नव्हे. वर्षाच्या आतल्या बाळाला पोट साफ व्हावं म्हणून मध चाटवू नका, त्यातून गंभीर विषबाधा होऊ शकते.

तंबाखूशिवाय प्रेशर येत नाही

हे वाक्य पुरुषांकडून तंबाखू-बिडीबद्दल आणि बायकांकडून मिश्रीबद्दल येतं, आणि ते खोटं नाही. निकोटिनने आतड्याची हालचाल वाढते. पण आतड्याला सकाळी नैसर्गिक चालना मिळतेच. उठल्यावर आणि काहीतरी खाल्ल्या-प्यायल्यावर मोठं आतडं आपोआप हलू लागतं. गरम चहा-नाश्त्याने तेच होतं. तंबाखू सोडणाऱ्याला पहिले काही आठवडे बद्धकोष्ठता होते आणि तो त्याच कारणाने पुन्हा मळायला लागतो. सोडायच्या दिवसापासूनच इसबगोल किंवा लॅक्ट्युलोज जोडीला ठेवलं, तर हा टप्पा पार पडतो. तोंडाच्या कॅन्सरची जोखीम पत्करून पोट साफ करण्याची गरज नाही, हे मी प्रत्येकाला सांगतो.

नाश्त्यानंतर वीस-तीस मिनिटांत जाऊन बसायची वेळ ठरवा. कळ आली की थोपवू नका. एसटीच्या प्रवासात, बाजारात विक्रीला बसताना, स्वच्छ संडास नसलेल्या कार्यालयात बायका दिवसभर दाबून ठेवतात, पाणीही पीत नाहीत. दोष त्यांचा नाही, सोयीचा आहे. पण थोपवलेली कळ थोड्या वेळाने विरते आणि मल आत सुकत राहतो, म्हणून निदान घरातली सकाळची वेळ घाईत जाऊ देऊ नका. कमोडवर बसत असाल तर पायाखाली वीतभर उंचीचं प्लॅस्टिकचं स्टूल घ्या. गुडघे कमरेच्या वर येतात, पुढे थोडं झुकलं की मार्ग सरळ होतो. म्हाताऱ्या माणसांनी आधाराला दांडी असेल तरच हे करावं. दहा मिनिटांत झालं नाही तर उठा. मोबाइल घेऊन अर्धा तास बसण्याने मूळव्याधीला निमंत्रण मिळतं.

खाण्याबद्दल थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला रोज निदान २५ ग्रॅम तंतू सुचवते. ज्वारी-नाचणीची भाकरी, मोड आलेली मटकी, गवार, पालेभाज्या, सालीसकट फळं यांनी ते सहज गाठता येतं. १०० ग्रॅम पेरूतच पाचेक ग्रॅम मिळतात. भिजवलेली अंजिरं, मनुका, पपई चांगलीच. नवरात्र किंवा श्रावणातल्या उपवासांत मात्र साबुदाणा, बटाटा, वेफर्स आणि चहा यांवर दिवस जातो, आणि साबुदाण्यात तंतू जवळपास नसतातच. त्या दिवसांत राजगिरा, रताळं, फळं, ताक वाढवा. तंतू एकदम वाढवू नका, पोट गच्च होईल. पाण्याबद्दल प्रामाणिकपणे सांगायचं तर जो आधीच पुरेसं पाणी पितो, त्याने आणखी चार ग्लास रिचवल्याने मल मऊ होत नाही. कमी पिणाऱ्याला आणि इसबगोल घेणाऱ्याला मात्र ते हवंच.

औषध न देता डॉक्टरांकडे पाठवायचं कधी

पोट दुखतंय, फुगलंय, उलट्या होतायत आणि वाराही सरत नाही, अशा वेळी कुठलंही जुलाबाचं औषध घेऊ नका. आतड्यात अडथळा असू शकतो, थेट रुग्णालय गाठा. शौचातून रक्त पडणं, कारण नसताना वजन उतरणं, रक्त कमी होणं, पन्नाशीच्या पुढे सवय अचानक बदलणं, घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर झालेला असणं, यातलं काहीही असेल तर तपासणी आधी. "मूळव्याध असेल" म्हणून मलम लावत महिने काढणारी माणसं बघून जीव तुटतो. थकवा, थंडी सहन न होणं, वजन वाढणं यांच्याबरोबर बद्धकोष्ठता असेल तर थायरॉइड तपासा. कंपवातात हात थरथरण्याच्या कित्येक वर्षं आधीही बद्धकोष्ठता सुरू झालेली असू शकते. दोन-तीन आठवडे वरचं सगळं नीट करूनही फरक नसेल, तरी दाखवून घ्या. प्रुकॅलोप्राइडसारखी वेगळ्या पद्धतीने काम करणारी औषधं आहेत, पण ती चिठ्ठीवरच घ्यायची.

जे वर्षानुवर्षं रोज गोळी किंवा चूर्ण घेतायत, त्यांनी एका रात्रीत थांबू नये. आधी इसबगोल किंवा पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर रोज सुरू करा. मल मऊ व्हायला लागला की जुलाबाचं औषध एक दिवसाआड, मग आठवड्यातून दोनदा, असं काही आठवड्यांत उतरवा. मधल्या कोऱ्या दिवसांना घाबरू नका. सलग तीन दिवस काहीच झालं नाही, तर ग्लिसरीनची कांडी वापरा. या काळात एका वहीत तारीख, मल कसा होता आणि कुठलं औषध घेतलं, एवढंच लिहा. डॉक्टरांकडे जाताना ती वही आणि घरातली सगळी औषधं एका पिशवीत न्या. त्या पिशवीत चूर्णाची डबी आणि हर्बल चहाचं पाकीटही टाका, कारण नेमकं तेच सांगायचं राहून जातं.